कॉम्प्रेसर डेल्टात गेला की अर्थ लिकेज रिले ट्रिप होतो, मेगर मात्र चांगला

बर्फवाडी_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्याचा प्रश्न आहे. अमोनिया कॉम्प्रेसरची मोटर ७५ किलोवॅट, ४ पोल, ४१५ व्होल्ट, फुल लोड १३० अँपिअर. स्टार-डेल्टा स्टार्टर (आधी वाइंडिंग स्टार जोडणीत कमी व्होल्टेजवर, मग डेल्टा जोडणीत पूर्ण व्होल्टेजवर), टायमर ८ सेकंदांवर. पॅनेलपासून मोटर साधारण २५ मीटर. नवीन पॅनेलमध्ये सीबीसीटी (भोकातून वायर जातात ती गोल सीटी, म्हणजे करंट मोजणारी कॉइल) आणि अर्थ लिकेज रिले (जमिनीत गळणारा करंट ओळखून सप्लाय तोडायला लावणारा) बसवून मिळाला आहे. सेटिंग ३०० मिलीअँपिअर, डिले ०.१ सेकंद. रिलेचा काँटॅक्ट २०० अँपिअरच्या एमसीसीबीच्या (मोठ्या ब्रेकरच्या) शंट ट्रिपला, म्हणजे ब्रेकर पाडणाऱ्या कॉइलला, जोडला आहे.

स्टारमध्ये मोटर व्यवस्थित उचलते. डेल्टा काँटॅक्टर (कॉइलने चालणारा मोठा स्विच) ओढल्याबरोबर रिले ट्रिप. सेटिंग १ अँपिअरवर नेलं तर दिवसभर चालते, पण रात्री अकरानंतर दोन-तीनदा तरी ट्रिप होते. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) केबलसकट मोटर तपासली, तिन्ही फेजना अर्थशी ४० मेगओहम. वाइंडिंगवाल्याच्या मते मोटर ठणठणीत आहे.

आता दोन सल्ले मिळाले आहेत. एक, रिले बायपास करा. दुसरा, सीबीसीटी काढून टाका आणि मीटरसाठी असलेल्या १५०/५ च्या तीन सीटींचे कॉमन टोक रिलेला द्या. पहिला सल्ला मानायचा नाही, कारण बर्फाच्या डब्यांच्या बाजूची फरशी मिठाच्या पाण्याने कायम ओली असते आणि माणसं अनवाणी फिरतात. दुसऱ्याबद्दल जाणकारांनी सांगावं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, तेव्हा प्लांटही बंद असेल. काम त्याच दोन महिन्यांत उरकायचं आहे. अर्थ पिटचं (अर्थिंगच्या खड्ड्याचं) रेझिस्टन्स याच मे महिन्यात, गेल्या आठवड्यात मोजलं, ६ ओहम आलं.

पॅनेलमिस्त्री

साहेब, सेटिंग वाढवू नका आणि मोटरही उघडू नका. आधी हिशोब बघा. २४० व्होल्टला ३०० मिलीअँपिअर गळायचे तर अर्थशी असलेला मार्ग ८०० ओहमवर यावा लागतो. तुमच्याकडे ४० मेगओहम आहेत, म्हणजे गळती ६ मायक्रोअँपिअर. पन्नास हजार पटींचा फरक ओलाव्याने किंवा गरम झाल्याने एका सेकंदात पडत नाही. मेगर चांगला आणि रिले ट्रिप, असं जमलं की शंका इन्सुलेशनवर नाही, सीबीसीटीच्या भोकातून काय गेलं आहे आणि काय गेलेलं नाही यावर घ्यायची.

तुमची लक्षणं तर फारच बोलकी आहेत. स्टारमध्ये शांत, डेल्टात ट्रिप, आणि रात्री जास्त. मला खात्री वाटते की मोटरला जाणाऱ्या सहा कोअरपैकी (केबलच्या आतल्या वायरपैकी) फक्त तीनच सीबीसीटीतून गेल्या आहेत. उघडून बघा आणि कळवा.

असं का होतं ते नीट सांगतो, कारण ही चूक स्टार-डेल्टाच्या पॅनेलमध्ये सर्रास दिसते. सीबीसीटीचं काम एकच, भोकातून जाणाऱ्या सगळ्या करंटची बेरीज करणं. मोटरला गेलेला करंट तितकाच परत आला तर बेरीज शून्य, काही भाग बॉडीतून जमिनीत गेला तर तेवढा फरक सेकंडरीला दिसतो. डायरेक्ट ऑन लाईन, म्हणजे सरळ पूर्ण व्होल्टेजवर सुरू होणाऱ्या, मोटरला तीन वायर जातात, तिघींची बेरीज शून्य, प्रश्न मिटला. स्टार-डेल्टाच्या मोटरला सहा जातात, प्रत्येक वाइंडिंगची दोन टोकं: यू१, व्ही१, डब्ल्यू१ एका केबलमधून आणि यू२, व्ही२, डब्ल्यू२ दुसरीतून. डेल्टात चालताना पहिल्या केबलमधून लाईन करंट जात नाही, वाइंडिंगचा करंट जातो, तुमच्या मोटरला फुल लोडवर ७५ अँपिअरच्या आसपास. डेल्टा हा बंद वळसा आहे. लोखंड थोडंफार सॅच्युरेट झालं, म्हणजे चुंबकत्वाने भरून गेलं, की तिसरा हार्मोनिक तयार होतो, म्हणजे ५० च्या तिप्पट, १५० हर्ट्झचा करंट. तो तिन्ही वाइंडिंगमध्ये एकाच वेळी एकाच दिशेने असतो, म्हणून डेल्टाच्या आत गोल फिरतो. लाईनवर तो येत नाही. पण तुम्ही फक्त तीन कोअर भोकातून घेतल्या असतील, तर ५० हर्ट्झचे तिन्ही करंट एकमेकांना खाऊन टाकतात आणि १५० हर्ट्झवाले तिन्ही मिळून तिप्पट होतात. रिलेला ती गळतीच वाटते.

स्टारमध्ये न्यूट्रल कुठे जोडलेला नाही, त्या हार्मोनिकला परतीची वाट नाही, म्हणून तो वाहतच नाही. आणि रात्री तुमच्याकडे व्होल्टेज वर जात असणार. व्होल्टेज वाढलं की लोखंड आणखी सॅच्युरेट होतं आणि हा करंट झपाट्याने चढतो. रात्री ट्रिप व्हायच्या वेळी व्होल्टमीटर काय दाखवतो ते लिहून ठेवा.

यातली खरी धोक्याची गोष्ट वेगळी आहे. असा सीबीसीटी खोटं ट्रिप करतो हा त्रास झाला, पण तो खरा फॉल्ट चुकवूही शकतो. दुसऱ्या केबलची एखादी कोअर ग्लँडपाशी (केबल बॉक्समध्ये शिरते तिथल्या पकडीपाशी) सोलून बॉडीला लागली, तर डेल्टात तिला करंट पॅनेलमधल्या डेल्टा काँटॅक्टरकडून सरळ मिळतो. तो करंट भोकातून जातच नाही. रिलेला पत्ता लागणार नाही आणि मोटरची बॉडी जिवंत राहील. म्हणून १ अँपिअरवर चालवत राहणं हा तोडगा नाही.

खात्री करायची तर मिलीअँपिअर दाखवणारा लिकेज क्लॅम्प मीटर घ्या, नेहमीचा ४०० अँपिअरचा चालणार नाही. मोटर डेल्टात असताना आधी पहिल्या केबलच्या तीन कोअर एकत्र क्लॅम्पमध्ये घ्या, मग सहाही. तिन्हींवर मोठा आकडा आणि सहांवर जवळजवळ काहीच नाही, असं आलं तर निदान पक्कं. क्लॅम्पवर फ्रीक्वेन्सी दिसत असेल तर तीही बघा, ५० ऐवजी १५० दाखवेल. मोजायला आत हात घालणाऱ्याकडे इन्सुलेटेड हातमोजे आणि पायाखाली कोरडी रबर मॅट हवीच. सहा कोअर क्लॅम्पच्या जबड्यात ताणून कोंबू नका. बसत नसतील तर प्लांट बंद असताना त्या सैल बांधून घ्या आणि मग मोजा.

लोटे_मेंटेनन्स

वरचं निदान मलाही पटतं. मी १५०/५ च्या सल्ल्याबद्दल लिहितो.

तीन सीटींच्या सेकंडरीचे एस२ टोक एकत्र, एस१ टोक तीन एलिमेंटना आणि कॉमन परतीत अर्थ फॉल्ट रिले, ही पद्धत जुनी आहे आणि चुकीची नाही. पण ती मोठ्या फॉल्टसाठी आहे. ३०० मिलीअँपिअर प्रायमरीला १५०/५ ची सेकंडरी किती देईल? १० मिलीअँपिअर. मीटरिंग सीटीचा स्वतःचा मॅग्नेटायझिंग करंटच त्याहून जास्त असू शकतो. क्लास १ ची सीटी म्हणजे १५० अँपिअरला दीड अँपिअर इकडे-तिकडे चालतं, आणि तिन्ही सीटींची चूक सारखी नसते. तो फरक रिलेला गळती म्हणून दिसतो. शिवाय मीटरिंग सीटी मीटर वाचवण्यासाठी लवकर सॅच्युरेट होतील अशाच बनवतात, सेफ्टी फॅक्टर ५ असेल तर ७५० अँपिअरच्या पुढे भरवसा नाही. तुमचा स्टार ते डेल्टा बदल होतो त्या क्षणी झटका त्याहून मोठा असू शकतो, त्यात डीसीचा भाग असतो, तिन्ही सीटी वेगवेगळ्या वेळी सॅच्युरेट होतात आणि रिले विनाकारण ट्रिप होतो. लोक मग रिलेच्या सिरीजमध्ये स्टॅबिलायझिंग रेझिस्टर टाकतात, डिले वाढवतात, आणि शेवटी सेटिंग १० ते २० टक्क्यांवर आणतात. म्हणजे प्रायमरीला १५ ते ३० अँपिअर. ओल्या फरशीवर अनवाणी माणसासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. सीबीसीटीच ठेवा.

दुसरं, तुमचा सीबीसीटी पॅनेलच्या आत ग्लँड प्लेटच्या वर आहे की बाहेर केबल आलीत? आत असेल आणि भोकातून फक्त कोअर जात असतील तर आर्मरची (केबलवरच्या लोखंडी आवरणाची) काळजी नको. बाहेर, आर्मरसकट केबल भोकातून गेली असेल तर मात्र लक्ष द्या. मोटरला फॉल्ट झाला की करंट कोअरमधून जातो आणि त्यातला बराचसा आर्मरमधून परत येतो. दोन्ही त्याच भोकातून, म्हणून बेरीज पुन्हा शून्य आणि रिले आंधळा. तिथे ग्लँड पॅनेलच्या प्लेटपासून इन्सुलेट करायचा, आर्मरची अर्थ वायर काढून ती भोकातून उलट दिशेने, म्हणजे मोटरच्या बाजूला, परत खाली घ्यायची आणि मगच पॅनेलच्या अर्थ बसबारला (धातूच्या पट्टीला) जोडायची. भोक पार करेपर्यंत ती वायर कुठेही उघडी पॅनेलला टेकता कामा नये. नुसती हिरवी वायर भोकातून घातली की काम झालं असं नाही, दिशा उलटी हवी.

सीबीसीटीच्या सेकंडरीच्या दोन वायर एकमेकींत पिळून घ्या आणि पॉवर केबलच्या डक्टमध्ये टाकू नका. रिले आणि सीबीसीटी एकाच कंपनीचा, एकाच जोडीचा असावा. वळशांची संख्या प्रत्येकाची वेगळी, दुसऱ्याचा लावलात तर डायलवरचा ३०० प्रत्यक्षात किती ते देव जाणे.

बर्फवाडी_रत्नागिरी

मनापासून आभार. पॅनेल उघडलं. अगदी म्हणाल तसंच आहे. ३ कोअर ५० स्क्वेअर एमएम अ‍ॅल्युमिनियमच्या दोन केबल आहेत आणि सीबीसीटी ५७ मिमी भोकाचा. त्यात एकाच केबलच्या तीन कोअर नीट बसतात, म्हणून एकच घातली असावी. सीबीसीटी ग्लँड प्लेटच्या वर आहे, आर्मर खालीच संपतं.

लिकेज क्लॅम्प मागवून मोजलं. दुपारी ४१२ व्होल्टला तीन कोअरवर ०.६ अँपिअर, फ्रीक्वेन्सी १५०. सहा कोअरवर १२ मिलीअँपिअर. रात्री साडेअकराला ४३८ व्होल्टला तीन कोअरवर १.१ अँपिअर, सहांवर तेवढेच १२.

आता १२० मिमीचा सीबीसीटी घेऊन सहाही कोअर घालू, की ७० मिमीचा घेऊन स्टार्टरच्या आधी लाईनवर बसवू? पॅनेलमध्ये जागा दोन्हीकडे होते.

पॅनेलमिस्त्री

लाईनवर बसवा. एमसीसीबीच्या आउटगोइंगनंतर आणि मेन व डेल्टा काँटॅक्टरला फाटे फुटण्याआधी. तीनच वायर भोकातून जातात आणि काँटॅक्टर, टायमर, दोन्ही केबल, मोटर सगळं संरक्षणात येतं. सहा कोअर घालायची पद्धतही बरोबर आहे, पण १२० मिमीच्या भोकात सहा कोअर मध्यभागी राखणं कटकटीचं. उद्या कोणी केबल बदलताना एक कोअर बाहेर राहिली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

फाटे कुठे फुटतात ते नीट बघा. पुष्कळ पॅनेलमध्ये एमसीसीबीच्या खालच्या टर्मिनलवरच दोन-दोन लग (वायरच्या टोकाचे धातूचे जोड) असतात, एक मेन काँटॅक्टरला आणि एक डेल्टाला. तसं असेल तर एमसीसीबीतून एकच जाड वायर काढा, सीबीसीटी पार करा, त्यानंतर छोटी बसबार लावून तिथून दोन फाटे द्या. १३० अँपिअरला ५० स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचिक वायर पुरते, तीन वायर ७० मिमीच्या भोकात आरामात बसतात.

कंट्रोल सप्लाय (काँटॅक्टरच्या कॉइलचा) कुठून घेतला आहे ते तपासल्याशिवाय काम सुरू करू नका. कॉइल २३० व्होल्टच्या असतील, फेज सीबीसीटीनंतर काढली असेल आणि न्यूट्रल थेट बसबारवरून आला असेल, तर कॉइलचा करंट भोकातून एकदाच जातो, परत येत नाही. काँटॅक्टर ओढताना ३०० व्हीए घेतला तर १.३ अँपिअर झाला. रिले स्टार्टचं बटण दाबताच ट्रिप होईल आणि तुम्ही पुन्हा मोटरवर संशय घ्याल. कंट्रोलची फेज सीबीसीटीच्या आधी घ्या. कॉइल ४१५ व्होल्टच्या, दोन फेजमधल्या असतील तर दोन्ही वायर सीबीसीटीच्या एकाच बाजूने घ्या, मग प्रश्न येत नाही. मोटरच्या हीटरचाही सप्लाय असाच सीबीसीटीच्या आधीपासून.

बसवताना वायर भोकाच्या बरोबर मध्यात. हायलमच्या (इन्सुलेटिंग) शीटला तीन भोकं पाडून ती सीबीसीटीला क्लॅम्प केली की वायर हलत नाहीत. तीन वायर एकमेकींना चिकटवून, त्रिकोणात बांधा. भोकापासून दोन्ही बाजूंना निदान दोन व्यासांएवढं अंतर, म्हणजे इथे १४० मिमी, सरळ जाऊ द्या आणि मगच वळवा. एखादी फेज सीबीसीटीच्या लोखंडी कड्याला टेकली किंवा लगेच वळली, तर बेरीज शून्य असतानाही तेवढ्या भागातलं लोखंड सॅच्युरेट होतं आणि स्टार्टिंगच्या झटक्याला खोटा सिग्नल येतो. एवढं करूनही बदलाच्या क्षणी ट्रिप होत असेल तर भोकाच्या आत वायरभोवती मऊ लोखंडाची नळी घालतात, पण तुमच्या ७० मिमीला ती लागेल असं वाटत नाही.

सेटिंग ३०० मिलीअँपिअर ठेवा, डिले ०.२. त्याच्या खाली या मोटरला जाऊ नका आणि ३० मिलीअँपिअरचा हट्ट धरू नका. ३० ही माणसाच्या अंगातून जाणाऱ्या करंटसाठीची मर्यादा आहे, ती हँड ड्रिल, टेबल फॅन, बर्फ फोडायच्या यंत्राच्या सॉकेटवर वेगळ्या आरसीसीबीने (गळतीवर पडणाऱ्या ब्रेकरने) लावा. मोटरला ३०० चा रिले बॉडीवर धोक्याचं व्होल्टेज टिकू देत नाही, हे त्याचं काम.

सडा_वायरमन

६ ओहमचा आकडा वाचून लिहावंसं वाटलं. आपल्या पट्ट्यात पिट बहुतेक जांभ्यात असतात. पावसात मोजलं तर समाधान वाटतं, एप्रिल-मेमध्ये जांभा कोरडा पडला की तेच रेझिस्टन्स दुप्पट-तिप्पट होतं. तुम्ही मे महिन्यात मोजलंत हे बरं केलंत, हिशोब नेहमी त्याच आकड्यावर करायचा.

समजा मोटरची बॉडी फक्त पिटच्या भरवशावर आहे आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचं अर्थिंग २ ओहम धरलं. एक फेज बॉडीला लागली तर २४० भागिले ८, म्हणजे ३० अँपिअर वाहतील. तुमचा २०० चा एमसीसीबी हे लोड समजून चालू राहील, दिवसभर. आणि त्या ३० अँपिअरमुळे बॉडीवर १८० व्होल्ट उभे राहतील. ओव्हरलोड रिलेलाही १३० च्या मोटरवर ३० अँपिअरचा हा फरक धड कळणार नाही. अशा ठिकाणी अर्थ लिकेज रिले हेच खरं संरक्षण. त्याच ६ ओहमवर रिले ३०० मिलीअँपिअरला तोडतो. गळती हळूहळू वाढत असेल तर बॉडीवर तोवर १.८ व्होल्टच असतात, फेज थेट लागली तर १८० व्होल्ट येतात पण रिलेच्या ०.२ सेकंदांच्या डिलेनंतर तुटतात. नियम असा लक्षात ठेवा, पिटचे ओहम गुणिले सेटिंगचे अँपिअर ५० व्होल्टच्या खाली राहिले पाहिजे. म्हणजे ३०० ला १६६ ओहमपर्यंतही रिले आपलं काम करतो. याचा अर्थ पिटकडे दुर्लक्ष करा असा घेऊ नका. मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ हवेत, दोन्ही पट्ट्या एकाच बोल्टला लावून दोन म्हणायचं नाही.

तुमच्याकडे अमोनिया आहे म्हणून आणखी एक. ओल्या हवेत अमोनिया तांब्याला खातो आणि पितळेला तडे पाडतो. कॉम्प्रेसर रूममधले पितळी केबल ग्लँड बाहेरून हिरवे दिसतात, हाताने आवळले की नट उभा चिरतो. त्यातून पाणी टर्मिनल बॉक्समध्ये जातं आणि खरी गळती तिथून सुरू होते. ग्लँड स्टेनलेसचे घाला, त्या खोलीत अर्थची पट्टी जाड जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) ठेवा, सांध्याला पेट्रोलियम जेली लावून वर टेप. दरवर्षी सांधा सोडून घासा. खाऱ्या वाऱ्यात बोल्टच्या खाली गंज धरतो, वरून पट्टी चकचकीत दिसते.

बर्फवाडी_रत्नागिरी

काम झालं. ७० मिमीचा, रिलेच्याच कंपनीचा सीबीसीटी लाईनवर बसवला. एमसीसीबीखाली खरंच दोन-दोन लग होते, ते काढून बसबार केली. कंट्रोल फेज आधी घेतली. प्लांट बंद करण्याआधी दोन रात्री ३०० वर चालवून पाहिलं. ४४० व्होल्टलाही ट्रिप नाही.

आता दोन शंका. रिलेवरचं टेस्ट बटण दाबलं की एमसीसीबी पडतो. एवढी तपासणी पुरे का? आणि दोन महिने मोटर बंद असताना दमट हवेत काय करावं?

लोटे_मेंटेनन्स

पुरे नाही. बऱ्याच रिलेंमध्ये टेस्ट बटण रिलेच्या आतल्या सर्किटला सिग्नल देतं. सीबीसीटी, त्याच्या वायर, भोकातली मांडणी यातलं काहीच त्यात तपासलं जात नाही. तुमच्या आधीच्या जोडणीतही ते बटण व्यवस्थित चाललं असतं.

खरी तपासणी बल्बने करा. मोटरचा स्टार्टर बंद, रिलेला सप्लाय चालू, एमसीसीबी ऑन. २५ वॉटचा जुन्या पद्धतीचा फिलामेंट बल्ब, होल्डर आणि इन्सुलेटेड वायर घ्या. फेज एका कंट्रोल एमसीबीतून घ्या, वायर भोकातून एकदा पार करा, बल्बमधून न्यूट्रलला परत आणा, परतीची वायर भोकाच्या बाहेरून. २४० व्होल्टला हे १०४ मिलीअँपिअर होतात. रिले शांत राहिला पाहिजे, कारण तो सेटिंगच्या निम्म्याखाली ट्रिप होता कामा नये. आता तीच वायर भोकातून चार वेळा गुंडाळा, सगळे फेरे एकाच दिशेने. सीबीसीटीला ४१७ मिलीअँपिअर दिसतील आणि एमसीसीबी पडलाच पाहिजे. नाही पडला तर आधी सेकंडरीचं कनेक्शन बघा, मग शंट कॉइलचा सप्लाय. एलईडी बल्ब यासाठी वापरू नका, त्याच्या करंटचा भरवसा नाही. ही तपासणी प्लांट सुरू करण्याआधी दरवर्षी, आणि पॅनेलमध्ये कोणी हात घातला की लगेच.

मोटरमध्ये हीटर असेल तर तो मेन काँटॅक्टरच्या एनसी काँटॅक्टमधून (काँटॅक्टर सुटलेला असताना जोडलेला असतो तो) सतत चालू ठेवा. नसेल तर टर्मिनल बॉक्सला नवं गॅस्केट, न वापरलेल्या भोकांना प्लग, आणि मोटरवर ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. खालून हवा खेळू द्या. आठवड्यातून एकदा शाफ्ट हाताने फिरवा, बेअरिंगसाठी. जुलैच्या शेवटी मेगर घ्या, एक मिनिट धरून. ५ मेगओहमच्या खाली असेल तर सुरू करू नका, आधी सुकवा. आत्ताच, मोटर कोरडी असताना, एकदा मेगर आणि मोटरचं तापमान दोन्ही लिहून ठेवा. गरम मोटरचा आकडा कमी येतो, दर १० अंशांना साधारण निम्मा होतो. तापमान नोंदलं नाही तर जुलैच्या आकड्याशी तुलनाच करता येणार नाही.

खाडीकाठ

मध्येच विचारतो, क्षमस्व. आमच्याकडे कोळंबीच्या तलावावर पंप ड्राईव्हवर (फ्रीक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारं उपकरण) आहे, १५ किलोवॅट. तिथेही ३०० चा रिले ड्राईव्ह चालू करताच पडतो. सीबीसीटी ड्राईव्हनंतर मोटरच्या केबलवर आहे.

पॅनेलमिस्त्री

ड्राईव्हनंतर साधा सीबीसीटी लावू नका. ड्राईव्हचं आउटपुट हजारो हर्ट्झवर कापलेलं असतं, केबल जितकी लांब तितका तो करंट केबलच्या कपॅसिटन्समधून अर्थला जातो आणि ती रोजची गळती असते, फॉल्ट नव्हे. सीबीसीटी ड्राईव्हच्या इनपुटवर घ्या. तिथेही थ्री फेज रेक्टिफायर असल्यामुळे फॉल्टचा करंट सरळ डीसी होऊ शकतो आणि साध्या एसी टाईपच्या सीबीसीटीला तो दिसत नाही, म्हणून डीसी गळतीही ओळखणारा टाईप बी चा रिले आणि त्याचाच सीबीसीटी लागतो. महाग आहे, पण पाण्याच्या कडेला दुसरा इलाज नाही. ड्राईव्हमधलं स्वतःचं ग्राउंड फॉल्ट संरक्षण ड्राईव्ह वाचवायला असतं, माणसाला नाही. बाकी सविस्तर नवीन धागा काढून विचारा.

बर्फवाडी_रत्नागिरी

बल्बची तपासणी केली. एका फेऱ्याला शांत, चार फेऱ्यांना एमसीसीबी पडला. पितळी ग्लँडपैकी तीन खरंच चिरलेले निघाले, बदलायला घेतले आहेत.

शेवटचा प्रश्न. याच पॅनेलवर ब्राईन अ‍ॅजिटेटर (मिठाचं पाणी ढवळणारा) ११ किलोवॅट आणि कंडेन्सर पंप १५ किलोवॅट आहेत, दोन्ही डायरेक्ट ऑन लाईन. त्यांच्यासाठी मेन इनकमरवर (पॅनेलला मुख्य सप्लाय येतो तिथे) एकच सीबीसीटी लावून भागेल का? आणि रिलेने नुसता काँटॅक्टर सोडला तर चालेल का? तिथे फ्यूज आहेत, एमसीसीबी नाही.

पॅनेलमिस्त्री

इनकमरवर एकच लावलात तर पंपाच्या गळतीला अख्खा प्लांट बंद पडेल आणि कोणामुळे ते शोधायला रात्र जाईल. प्रत्येक मोटरला वेगळा, ३८ मिमीचा पुरतो, ३०० मिलीअँपिअर. इनकमरवर हवाच असेल तर १ अँपिअर आणि ०.५ सेकंद, म्हणजे खालचा आधी तोडेल. इनकमरच्या सीबीसीटीतून न्यूट्रलही गेलाच पाहिजे, कारण पॅनेलवर लाईटचं लोड आहे. अर्थची पट्टी मात्र बाहेर. आणि सीबीसीटीनंतर न्यूट्रल कुठेही अर्थला जोडलेला नसावा. लाईटच्या एखाद्या डीबीमध्ये (वाटपाच्या बॉक्समध्ये) कोणी न्यूट्रल आणि अर्थ एका लिंकवर बांधून ठेवले असतील तर इनकमरचा रिले टिकणारच नाही, सारखा ट्रिप होईल, आधी ते शोधून सोडवा.

काँटॅक्टरचं विचारलंत ते बरं झालं. १५ किलोवॅटला २८ अँपिअरच्या आसपास करंट, काँटॅक्टर ३२ चा असेल. एसी-३ चा, म्हणजे मोटरसाठीचा, काँटॅक्टर त्याच्या रेटिंगच्या ८ पट तोडण्यासाठी तपासलेला असतो, म्हणजे २५६ अँपिअर. तुमच्या पिटमधून परत येणारा ३० अँपिअरचा फॉल्ट तो सहज तोडेल. पण आर्मर किंवा अर्थ पट्टी धातूनेच ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत पोचत असेल, तर तोच फॉल्ट हजार-दोन हजार अँपिअरचा होतो. त्या क्षणी रिलेने काँटॅक्टर उघडायला लावला तर काँटॅक्ट वेल्ड होतील किंवा आर्क चेंबर फुटेल. म्हणून तिथे रिलेचा डिले ०.३ च्या आसपास ठेवा, म्हणजे मोठ्या फॉल्टला फ्यूज आधी उडेल आणि काँटॅक्टरच्या वाट्याला फक्त लहान गळती येईल. फ्यूजच्या कर्व्हवर बघून घ्या, तुमचा फ्यूज २५० अँपिअरला ०.३ सेकंदांच्या आत उडत नसेल तर काँटॅक्टर एक साईज वरचा घ्या. पैशांची सोय असेल तर फ्यूज काढून शंट ट्रिपसकट एमपीसीबी (मोटर संरक्षणाचा ब्रेकर) बसवा, मग काँटॅक्टरवर भार टाकायची वेळच येत नाही.

शंटऐवजी अंडरव्होल्टेज कॉइल (व्होल्टेज गेलं की ब्रेकर पाडणारी) कोणी सुचवेल. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट जशी येते-जाते, त्यात प्रत्येक झटक्याला ब्रेकर पडेल आणि ऑपरेटर कंटाळून कॉइलच काढून टाकेल. शंट ठेवा, आणि त्याच्या सप्लायवर एक इंडिकेशन लॅम्प लावा. लॅम्प विझलेला दिसला की शंट निकामी आहे हे शिफ्टवाल्याला लगेच कळतं.